अचूकपणा आणि सचोटी

अचूकपणाच्या शब्दांची आपल्या भाषेत मुळीच वाण नाही. 'तंतोतंत', 'काटेकोर', 'बावनकशी', 'सुतभरही फरक नाही' असे शब्दप्रयोग आपण दिवसातून दहा वेळा करतो. आणि ज्या गोष्टींविषयी करतो त्यांचा सुताशी किंवा कसोटीशी बहुधा काहीच संबंध नसतो. व्याख्याता प्रतिपक्षाचे मत 'तंतोतंत' मांडल्याचे सांगतो, शेजारी भांडणाची 'काटेकोर' हकीकत ऐकवतो, आणि ऐकणारा मान डोलावतो. कारण तपासून पाहण्याचे साधन कोणाच्याच हाती नसते. यांपैकी काही शब्द ज्या कारागिरांच्या घरून आपल्याकडे आले, त्यांच्या घरी ते इतके स्वस्त नव्हते. सुताराचे 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग; तेवढ्याने चौकट चुकली तर दार लागत नाही. सोनाराचा 'कस' दगडावर उमटतो, आणि तो हिणकस उमटला तर गिऱ्हाईक उठून जाते. शब्द तेवढे आपण घेतले. त्यांच्यामागची जबाबदारी त्यांच्याच घरी राहिली.

या गोष्टीचा विचार करण्यास निमित्त झाले ते अमेरिकेतील एका शिक्षणक्रमाचे. त्या देशात 'कम्युनिटी कॉलेज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वर्षांच्या विद्यासंस्था गावोगावी आहेत, आणि त्यांतील पुष्कळ संस्थांत सूक्ष्ममापाचे धातुकाम शिकवले जाते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची मुले किंवा भाचे-पुतणे अमेरिकेस जातात ते मोठ्या विद्यापीठांच्या पदव्यांसाठी. या संस्थांच्या दारावरून ते जात असतील, पण आत डोकावण्याचे कारण त्यांना क्वचितच पडते. तथापि या शिक्षणाच्या पोटात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, आणि तो कोणत्याही देशाच्या विचारी कुटुंबाला टाळता येण्यासारखा नाही. तो प्रश्न असा की, अचूकपणा हा केवळ हाताचा गुण आहे, की शीलाचाही? धातूचा तुकडा इंचाच्या सहस्रांशापर्यंत बरोबर करावयास शिकणारा मनुष्य त्यायोगे अधिक सत्यनिष्ठ होतो काय? होत असेल तर अशा शिक्षणाला आपण जे खालचे पान देतो ते न्याय्य आहे काय?

प्रथम या संस्थांविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. इलिनॉय संस्थानातील जोलिएट गावी १९०१ साली जे 'ज्युनिअर कॉलेज' निघाले, ते या प्रकारच्या आज चालू असलेल्या सरकारी संस्थांमध्ये सर्वांत जुने मानले जाते. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी व गृहव्यवस्था यांच्या शालेय शिक्षणास मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने १९४७ साली अशा दोन वर्षांच्या संस्था जागोजाग काढाव्यात असा आग्रह धरला, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तेव्हापासून विशेष रूढ झाले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. प्रवेशाला कडक अट बहुधा नसते. म्हणून एकाच बाकावर शाळा नुकतीच सोडलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि कारखाना बंद पडल्यामुळे चाळिशीनंतर नवे काम शिकू पाहणारा गृहस्थ असे दोघेही बसलेले आढळतात. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात. १९९५ साली स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय धातुकाम-कौशल्य संस्थेची प्रमाणपत्रे पुष्कळ ठिकाणी या शिक्षणाला जोडलेली आहेत. त्यांसाठी लेखी उत्तरांबरोबरच ड्रॉइंगबरहुकूम एक नग करून द्यावा लागतो, आणि त्या नगाचे माप हीच परीक्षा असते.

शिकवतात ते काय? आरंभी ड्रॉइंग वाचणे, कामापुरती त्रिकोणमिती, आणि शेगड्यात धातूचा तुकडा धरून कानशीने घासणे. मग लेथ, मिलिंग यंत्र, घर्षणचक्र. आणि शेवटी अंकांच्या आज्ञेने चालणारी यंत्रे. परंतु या सर्वांच्या आधी, आणि सर्वांच्या बरोबरीने, शिकावे लागते ते मोजणे. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचास चाळीस आटे असतात. म्हणजे एक पूर्ण फेरा दिला असता तो इंचाचा चाळिसावा भाग पुढे सरकतो. फिरत्या नळीवर पंचवीस खुणा असतात. तेव्हा एक खूण म्हणजे इंचाचा सहस्रांश. आपल्या डोक्यावरचा केस सामान्यतः अशा दोन ते चार सहस्रांशांएवढा जाड असतो. 'केसभर फरक' ही आपल्या बोलण्यातील पराकाष्ठा. या विद्यार्थ्याच्या दृष्टीने केसभर फरक पडलेला नग पुष्कळदा भंगारात टाकण्याच्या लायकीचा ठरतो.

आता मोजणे ही गोष्ट वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वाटते. पट्टी लावावी, आकडा वाचावा. त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला? परंतु या सूक्ष्मतेपर्यंत उतरले की मोजणाराच मापात शिरतो. मायक्रोमीटर जोराने आवळला तर आकडा कमी दिसतो, सैल धरला तर जास्त. नग किंचित जाड राहिला असेल आणि तो उतरावा अशी इच्छा असेल, तर बोटे नकळत थोडी अधिक आवळली जातात, आणि उपकरण आपल्याला हवे ते उत्तर देते. त्याचसाठी मायक्रोमीटरच्या टोकाशी एक घसरती कळ बसवलेली असते. ठराविक दाब झाला की ती कटकट करीत निसटते आणि स्क्रू पुढे जात नाही. माणसाच्या बोटांना इच्छा असते ही गोष्ट ओळखूनच जणू ती बसवली आहे. आपल्या मतांना, आपल्या अभिमानांना, आपल्या मुलांविषयीच्या कौतुकाला अशी एखादी कळ असती तर संसारातील किती तंटे मिटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

उष्णतेचेही तसेच. पोलादाचा शंभर मिलिमीटर लांबीचा तुकडा एका सेंटिग्रेड अंशाने तापला तर मिलिमीटरच्या सहस्रांशाहून किंचित अधिक वाढतो. हातात धरून दहा अंशांनी तापला तर वाढ शतांश मिलिमीटरावर जाते; म्हणजे इंचाच्या सहस्रांशाचा जवळजवळ अर्धा हिस्सा. म्हणून १९३१ सालच्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार लांबीची औद्योगिक मापे वीस अंश उष्णतेवरची समजली जातात. यंत्रावरून नुकताच उतरलेला ऊन नग मोजून 'बरोबर आहे' म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नाही, पण खरेही बोलत नाही. त्याने थोडे थांबावयास हवे होते. घाईत घेतलेले माप हे असत्याचे फार सभ्य रूप आहे. रागाच्या भरात माणसांविषयी बनवलेली मते आणि तापलेल्या नगाचे माप यांच्यात साम्य दाखवण्यासाठी फारशी कल्पकता लागत नाही.

कोणी म्हणतील, ही उपदेशकाची हातचलाखी झाली. लोखंडात नीती शोधणे म्हणजे ढगात हत्ती पाहणे. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. उपमा म्हणजे प्रमाण नव्हे. म्हणून उपमा बाजूस ठेवून या शिक्षणाने मनाला प्रत्यक्ष कोणती सवय लागते तेवढेच पाहू. ग्रंथाच्या शिक्षणात चूक झाली तर ती झाकण्यास पुष्कळ वाव असतो. निबंध फसला तर भाषेने सावरता येतो. उत्तर आले नाही तर आवेशाने वेळ मारून नेता येते. आणि परीक्षक थकलेला असला तर गुणही मिळतात. धातूच्या बाबतीत ही सोय नाही. कापून काढलेला धातू परत चिकटत नाही. भोक दोन सहस्रांशांनी मोठे झाले की ते मोठेच राहते. वक्तृत्वाने ते लहान होत नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या उपकरणाने, स्वतःविरुद्ध निकाल लिहावा लागतो, आणि तो दिवसातून अनेकदा लिहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या हेन्री मॉडस्ले या थोर यंत्रकाराने आपल्या टेबलावर एक मोजयंत्र ठेवले होते. कारखान्यातील कोणत्याही मापाच्या वादाचा निर्णय तेथे लागे, म्हणून त्यास 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत. न्यायासनाचे नाव कारागिरांनी लोखंडाच्या उपकरणास द्यावे, यात विनोदाबरोबर खरा आदरही आहे.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट सपाटीची आहे. सर्व सूक्ष्म मोजणीला मुळाशी एक खरोखर सपाट पृष्ठ लागते. पण सपाट पृष्ठ तपासावयाचे कशावर? त्याहून सपाट पृष्ठावर, आणि ते? अशा अनवस्थेतून वाट काढणारी युक्ती मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश विद्वत्सभेपुढे विशद केली. दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळवले तर ते अगदी बरोबर बसतील, तरीही सपाट असतील असे नाही. एक फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला तरी ते उत्तम बसतात. म्हणून तिसरा पत्रा लागतो. पहिला फुगीर असेल तर त्याच्याशी जुळणारे दुसरा व तिसरा हे दोन्ही खोलगट निघतात, आणि त्या दोघांस एकमेकांवर ठेवताच लबाडी उघडी पडते. पृष्ठाला रंग लावून उंचवटे शोधावयाचे, ते हाताने खरवडून काढावयाचे, आणि तिघांपैकी कोणतेही दोन सर्वत्र जुळेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. अशा रीतीने आधी कोणतेही सपाट पृष्ठ हाती नसता सपाटी जन्मास येते.

या युक्तीत ज्ञानमीमांसेचा एक मोठा सिद्धांत आहे असे आम्हास वाटते. दोघांचे एकमत झाले म्हणजे सत्य सापडले, हा समज संसारात किती बळकट आहे! नवरा-बायको एकमेकांच्या मताला दुजोरा देतात, दोन मित्र एकमेकांच्या पूर्वग्रहाला. आणि एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलीत इतका सुरेख बसतो की दोघांनाही आपण सपाट असल्याची खात्री वाटते. तिसरा मनुष्य, आणि तोही दोघांशी स्वतंत्रपणे ताडून पाहता येणारा, आल्याखेरीज चूक दिसत नाही. सत्याचा आधी मिळालेला नमुना आपल्यापाशी नसतो; तरीही अनेकांच्या प्रामाणिक परस्परतपासणीतून त्याच्या जवळ जाता येते. संशयवाद्याला हे उत्तर पुष्कळ तत्त्वज्ञांनी मोठ्या ग्रंथांतून दिले असेल. व्हिटवर्थने ते तीन ओतीव लोखंडाच्या पत्र्यांवर करून दाखवले.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. अचूकपणा म्हणजे पूर्णत्व असे बाहेरच्या माणसास वाटते. प्रत्यक्ष कारखान्यात पूर्णत्वाचे नाव कोणी काढीत नाही. ड्रॉइंगवर केवळ 'पंचवीस मिलिमीटर' असा हुकूम नसतो. पंचवीस, आणि त्याहून इतके अधिक किंवा इतके उणे चालेल, असा तो असतो. या मुभेला 'टॉलरन्स' म्हणतात. आणि इंग्रजीत हाच शब्द परमतसहिष्णुतेलाही लावतात, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. चूक होणारच हे आधी मान्य करावयाचे, परंतु ती किती होऊ द्यावयाची हे स्पष्ट लिहून ठेवावयाचे, आणि मग त्या रेषेपलीकडे एक पाऊलही जाऊ द्यावयाचे नाही, हा टॉलरन्सचा अर्थ. आपली सामाजिक सहिष्णुता पुष्कळदा याच्या उलट असते: आदर्श पूर्णत्वाचा सांगावयाचा, आणि व्यवहारात काहीही खपवून घ्यावयाचे. शिवाय मुभा विनाकारण फार अरुंद ठेवणे हाही दोषच मानला जातो, कारण त्याने श्रम आणि खर्च व्यर्थ वाढतात. जेथे जेवढी सूक्ष्मता शोभते तेथे तेवढीच असावी, हे क्षेमेंद्राने काव्याच्या संदर्भात औचित्य म्हणून प्रतिपादिले. धातूच्या कामातही रसभंग होतोच, फक्त तो हिशोबाच्या वहीत दिसतो.

इतके म्हटल्यावर आता विरुद्ध बाजूचे बळ पाहिले पाहिजे, कारण ते थोडे नाही. अमेरिकेतील सूक्ष्ममापाच्या कलेचा इतिहास मोठ्या अंशी बंदुकांचा इतिहास आहे. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसावा, ही लष्कराची गरज; तिच्यातून ही कला वाढली. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागाराच्या आवारात जॉन हॉल याने १८२० च्या दशकात हे साध्य केले. आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हर्मॉण्ट संस्थानातील रॉबिन्स आणि लॉरेन्स यांच्या कारखान्याच्या रायफली पाहून इंग्रज थक्क झाले. तेव्हा जी विद्या माणूस मारण्याचे साधन सुबक करते, तिला शीलाची जननी कसे म्हणावे? आमचे उत्तर असे की, तसे म्हणूच नये. अचूकपणा मापाविषयी सत्य सांगतो, हेतूविषयी तो मुका असतो. नग बरोबर आहे की नाही याचा निकाल मायक्रोमीटर देईल. तो नग जगात असावा की नसावा याचा निकाल देण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही.

याच इतिहासात एली व्हिटनी याची कथा आहे, आणि ती आमच्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूने प्रकाश टाकते. कापसाच्या यंत्रामुळे प्रसिद्धीस आलेल्या या गृहस्थाने १७९८ साली दहा हजार बंदुका दोन वर्षांत पुरवण्याचा करार केला. मुदत टळली. तेव्हा १८०१ च्या आरंभी वॉशिंग्टन येथे बड्या अधिकाऱ्यांसमोर त्याने बंदुकांचे सुटे भाग वाटेल तसे उचलून जुळवून दाखवले, आणि सर्वांची वाहवा मिळवली. अखेरचा माल पोहोचावयास १८०९ साल उजाडले. पुढे विसाव्या शतकात इतिहाससंशोधकांनी त्याच्या शिल्लक असलेल्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींत बसत नाहीत असे आढळले. सभा जिंकली होती. लोखंड मात्र साक्ष देण्यास दीडशे वर्षे थांबले होते. अचूकपणाची कीर्ती आणि अचूकपणा या दोन वस्तू आहेत, आणि कौशल्य असलेला मनुष्य सचोटीचा असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून आमचा दावा मर्यादित आहे. हे शिक्षण सचोटी देत नाही. सचोटीचा सराव करण्यास जागा देते. त्या जागेचा उपयोग करणे न करणे शिकणाऱ्याच्या हाती राहते.

मग हेतूचा विचार कोणी शिकवावयाचा? याच प्रश्नावर १९१५ साली अमेरिकेत एक संस्मरणीय वाद झाला. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणप्रमुख डेव्हिड स्नेडन यांचे म्हणणे, धंदेशिक्षण वेगळे व स्वतंत्र असावे आणि उद्योगधंद्यांच्या गरजेस उपयोगी पडावे. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्यास विरोध केला. चालू कारखानदारीत कामगाराला नुसते बसवून देणारे शिक्षण आपल्याला नको, असे त्यांचे म्हणणे होते. काम करणाऱ्याला आपल्या कामाचा अर्थ कळावा आणि ती व्यवस्था बदलण्याची बुद्धी यावी, असे शिक्षण त्यांना हवे होते. शतक लोटले तरी हा वाद शिळा झालेला नाही. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यास इंग्रजी लेखन, गणित व समाजशास्त्रांचे काही वर्ग करावे लागतात. आणि लेथवर उभे राहावयास उत्सुक झालेल्या विद्यार्थ्यास ते वेळेचा अपव्यय वाटल्यास नवल नाही. परंतु ज्याच्या हाती इंचाच्या सहस्रांशाची सत्ता येणार, त्याने निदान एकदा तरी आपण काय व कोणासाठी बनवतो हे विचारावयास शिकलेच पाहिजे. तसेच, जो केवळ 'का' आणि 'कोणासाठी' यांचीच चर्चा करतो, त्याने निदान एकदा तरी एखादा ठोकळा काटकोनात घासून पाहावा. गुण्या लावल्यावर फटीतून दिसणारा प्रकाश त्याच्या पुष्कळ मतांना हितकर होईल.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. हाताचा अचूकपणा आता हवा कोणाला? मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात १९५२ साली अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र प्रथम जाहीरपणे दाखवण्यात आले. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत संगणकाने ते काम इतके पुढे नेले आहे की, उत्तम कारागिराच्या हाताला न साधणारे आकार यंत्र सहज कापते. हे सर्व खरे. परंतु यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा चुकीची असल्यास चूकही तितक्याच अचूकपणे, आणि शंभर नगांवर, करते. हत्याराची धार झिजते, नग पकडीत किंचित वाकतो, दुपारी कारखाना तापतो. हे ओळखणारा आणि 'हा नग माझ्या नावावर जाऊ द्या' किंवा 'हा जाऊ देऊ नका' असे म्हणणारा कोणीतरी लागतोच. जबाबदारी घेणे हे काम अद्याप कोणत्याही यंत्राकडे सोपवता आलेले नाही. आणि जो स्वतःच्या हाताने चुकून शिकला नाही, त्याला दुसऱ्याची, मग ती यंत्राची का असेना, चूक ओळखणे कठीण जाते.

आता मानाचा प्रश्न. हाताच्या कामाला कमी लेखण्याची खोड एकट्या हिंदुस्थानची नाही. ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या आठव्या भागात मजुरीच्या कारागिरीने मन हीन होते असे म्हटले आहे; आणि अमेरिकेतही चार वर्षांची पदवी घेणारा मुलगा हुशार व दोन वर्षांचे यंत्रकाम शिकणारा 'बाकीच्यांतला', ही समजूत पुष्कळ घरांत आहे. आपल्याकडे या खोडीला जातीचे कुंपण मिळाले, म्हणून ती अधिक खोल गेली. लोहार, सुतार, तांबट, कासार यांच्या हातातील ज्ञान ग्रंथात आले नाही, आणि ग्रंथातील ज्ञान त्यांच्या हातापर्यंत पोहोचले नाही. नुकसान दोन्हीकडे झाले: एका बाजूस तपासणीवाचून पांडित्य वाढले, दुसऱ्या बाजूस उपपत्तीवाचून कौशल्य थिजले. नरहरी सोनाराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याने आणलेल्या मापावरून केलेला विठोबाचा कमरपट्टा एकदा मोठा झाला, एकदा लहान; मग डोळे बांधून माप घेतले; आणि अखेर डोळे उघडले तेव्हाच सारे जुळले. भक्तांनी या कथेचा अर्थ हरिहरांच्या ऐक्याचा घेतला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ती एका कारागिराची कथा आहे हेही विसरू नये: ज्याचे माप घ्यावयाचे त्याच्याकडे पाहावयाचे नाही असा हट्ट धरला, तर उत्तम कारागिराचेही माप चुकते. आपला सुशिक्षित वर्ग हाताच्या विद्येचे माप असेच डोळे बांधून घेत आला आहे.

ही पट्टी सोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. मुंबईच्या तंत्रशाळेत यंत्ररेखन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षकाची जागा सोडून धातूचा धंदा धरला, आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी हस्तोद्योग हेच शिक्षणाचे केंद्र करण्याची कल्पना मांडली. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून सुरू झालेल्या कारागीर-प्रशिक्षण योजनेतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरचा विद्यार्थी आजही शेगड्यापाशी उभा राहून ठोकळा घासतो. आणि तो ठोकळा अमेरिकेतील त्याच्या सहाध्यायाच्या ठोकळ्याहून तत्त्वतः निराळा नाही. फरक आहे तो घरातील बोलण्याचा. 'गुण कमी पडले, म्हणून तिकडे घातला,' हे वाक्य ज्या मुलाविषयी पाहुण्यांपुढे उच्चारले जाते, त्याने आपल्या कामात अभिमान कोठून आणावा?

मात्र या विद्येचे गोडवे गाऊन थांबणे हाही एक अप्रामाणिकपणाच ठरेल. व्हर्मॉण्टमधील स्प्रिंगफील्ड आणि विंडसर ही गावे एके काळी यंत्रनिर्मितीसाठी इतकी प्रसिद्ध होती की त्या भागाला 'अचूकपणाचे खोरे' अशा अर्थाचे नाव पडले होते. तेथील मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकामागून एक बंद पडले. रॉबिन्स आणि लॉरेन्स यांची १८४६ सालची इमारत आज वस्तुसंग्रहालय आहे. तेथील कामगार आपल्या कामात चुकले म्हणून ही वेळ आली नाही. त्यांच्या सहस्रांशांचा भांडवलाच्या हिशोबापुढे टिकाव लागला नाही. तेव्हा 'मुलांनो, अचूक व्हा, म्हणजे तुमचे कल्याण होईल,' असे आश्वासन देण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्या समाजाला अचूक माणसे हवीत, त्याने त्यांना वेतन, स्थैर्य व प्रतिष्ठा देण्यातही काही अचूकपणा दाखवावयास हवा. कारागिराने सहस्रांश सांभाळावा आणि समाजाने त्याचे देणे मात्र अंदाजाने द्यावे, हा व्यवहार कोणत्याच मापाने उतरत नाही.

सारांश, अचूकपणा हा संपूर्ण सद्गुण नव्हे. दया, न्याय, विवेक यांची जागा तो घेऊ शकत नाही, आणि दुष्टाच्या हातीही तो तितक्याच निष्ठेने राबतो. परंतु ज्या एका शक्तीवाचून बाकीचे सद्गुण नुसती भाषणे होतात, ती शक्ती, म्हणजे स्वतःविरुद्ध लागलेला निकाल शांतपणे वाचून मान्य करण्याची शक्ती, या शिक्षणात रोज वापरावी लागते. म्हणून एखाद्या घरातील मुलाने किंवा मुलीने लेथवर उभे राहण्याची इच्छा बोलून दाखवली, तर आईबापांनी प्रथम त्यांचे गुणपत्रक मागू नये. त्यांनी एवढेच विचारावे, की आपला नग बाद आहे असे मायक्रोमीटरने सांगितले तर तू तो नग बाजूस ठेवशील, की कळ जरा अधिक आवळशील? ज्या मुलास या प्रश्नाचा अर्थ कळला आणि ज्याने पहिले उत्तर मनापासून दिले, त्यास खुशाल जाऊ द्यावे. आणि पाहुणे आले म्हणजे तो काय शिकतो हे मान खाली न घालता सांगावे.